दिवसभर कारखान्याच्या खात्यात चालतो, तरी सायकलवर तुळजापूरच्या घाटात एवढी धाप का लागते?

उतार
बुधवार, दुपारी १:४०

जेवणाची सुट्टी संपायला थोडा वेळ हाय तेवढ्यात विचारून घेतो, एकदा खात्यात गेलो की लूमच्या आवाजात फोन वाजलेला पण कळत न्हाई. विषय जुनाच हाय. रविवारी तामलवाडीपर्यंत मी मास्तरच्या मागं चाकाला चाक लावून होतो, गप्पा मारत होतो, सगळं झकास, आणि घाट सुरू झाला की छातीचा भाता, मांड्या भरून आल्या, शेवटी उतरून ढकलत वर. आता मला सांगा मी काय खुर्चीत बसून काम करणारा माणूस न्हाई. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर हाय, आठ तास लूमच्या रांगांमधनं नुसता फिरत असतो, ह्या मशीनचा ताणा तुटला, त्या मशीनची किनार खराब यायली, मोबाईल बारा-पंधरा हजार पावलं दाखवतो रोज. वय ४१, वजन ८२. तरी एवढी धाप का? आणि एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा रात्रपाळी, ह्यात मधल्या वारी सायकल कधी मारायची? रविवारच्या रविवार चालवून काय फरक पडंना.

दुसरा प्रश्न, हसायचं न्हाई. टोपणनाव बदलून मिळतं का? परवा आपल्यातल्याच एका महाभागानं कारखान्याच्या गेटवर "ए उतार" म्हणून रस्त्याच्या पलीकडनं हाक मारली. आता खात्यातले जॉबर पण तोंडावर "उतारसाहेब" म्हणायलेत, ते बी मॅनेजरच्या पुढं. नवरात्र सुरू झालं की तुळजापूर रोड चालत जाणाऱ्यांनी भरून जाईल, त्याच्या आधी एकदा तरी न उतरता घाट चढायचाय. मार्ग सांगा.


डॉक्टर
दुपारी १:५१

का बे उतार, नाव का पडलं ते नव्या लोकांना सांगितलंस का? मी सांगतो. चढाला हा बुटाची नाडी बांधायला थांबतोय. दर वळणाला. आणि बुटाला नाडीच न्हाई, चिकटपट्टीचा बूट हाय! येताना मात्र उताराला लागला की बोंबलत सगळ्यांच्या पुढं, ब्रेकला हात न्हाई, मागं ट्रक हाय का एसटी हाय बघणं न्हाई. ह्याला उतार न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं?

गेटवर हाक मी मारली न्हाई. मारायला पाहिजे होती.

सायकलचं संध्याकाळी लिहितो, दुकानात शाळेची पोरं उभी हायत पंक्चरी घेऊन.


मास्तर
दुपारी २:२०

उतारभाऊ नावाची तक्रार तू कुणापुढं करायलास? आपल्या ग्रुपात ज्याला डॉक्टर म्हणतात त्याचं सायकलचं दुकान हाय, आणि जो खरा एमबीबीएस हाय, भिंतीला डिग्री लावून बसलेला, त्याला कंपाउंडर म्हणतात, का तर तो आला तोपर्यंत डॉक्टर हे नाव आधीच गेलेलं होतं. माझं बघ. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर, आयुष्यात खडू हातात घेतला तो कापडावर रेघ मारायला. मागं एक नवीन पोरगा आला राईडला, त्यानं भर रस्त्यात वाकून नमस्कार केला आणि म्हणतोय सर गणिताचा पेपर यंदा कसा असंल. मी पण सांगितलं, अवघड असंल.

आता कामाचं. तुला रात्रपाळी हाय तर मला सीझन हाय. शाळा जूनमध्ये उघडतात म्हणजे आमची मार्चपासून वाट लागलेली असते, सकाळी आठला कात्री हातात घेतली की रात्री अकरा, देशभरात सोलापूरचा युनिफॉर्म जातो तो काय आपोआप जात न्हाई. त्या दिवसांत मी वेगळी राईड काढायच्या भानगडीतच पडत न्हाई. घर ते कारखाना सायकल, कारखाना ते घर सायकल, विषय संपला. तू जुळे सोलापुरात ऱ्हातोस, एमआयडीसी आठ-दहा किलोमीटर पडंल, जाऊन-येऊन अठरा-वीस धर. पेट्रोल वाचतंय ते वेगळंच. घामाचा शर्ट पिशवीत, कारखान्यात गेल्यावर तोंड धुवायचं, तुझ्याकडं टॉवेलला तर काय कमी न्हाई.


उतार
दुपारी २:२४

सुट्टी संपली पण हे वाचून जातो. मास्तर, सकाळपाळीला जमंल. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी सातला सायकलवर अशोक चौकातनं? डोळे मिटायलेले असतात माझे.

आणि टॉवेलचा जोक दर आठवड्याला मारतोस तू.


कंपाउंडर
दुपारी ३:०५

ओपीडीत दोन पेशंटच्या मध्ये लिहितोय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

पहिलं म्हणजे रात्रपाळी सुटल्यावर सायकल अजिबात नाही. झोप नसलेला माणूस आणि प्यायलेला माणूस, रस्त्यावर दोघांचा अंदाज सारखाच चुकतो, आणि अक्कलकोट रोडला तेव्हा ट्रक किती असतात ते तुला माहीत आहे. घरी जा, खोली अंधारी करून झोप, सायकल संध्याकाळी पाचला, ड्यूटीच्या आधी. अर्धा-पाऊण तास पुरे. आणि पाळीच्या उत्तररात्री तू जो चहावर चहा मारतोस तो पहाटे तीननंतर बंद कर, त्यातलं निम्मं कॅफिन पाच-एक तासांनी पण अंगातच असतं, मग सकाळी झोप लागत नाही म्हणून तूच मला फोन करतोस.

आता पावलांचं. बारा हजार पावलं चांगलीच आहेत, सांधे, साखर, पोट सगळ्याला चांगली. पण दम ही वेगळी वस्तू आहे. लूममधून फिरताना तू दोन पावलं चालतोस, थांबतोस, वाकून बघतोस, परत चालतोस, हृदयाला त्यात फारसं कामच लागत नाही. २२० वजा वय हा ढोबळ हिशोब धरला तर तुझी वरची मर्यादा १७९, माणसामाणसात दहा-बारा इकडं-तिकडं होतात. घाटात तू पहिल्या वळणालाच त्या मर्यादेच्या जवळ जातोस, आणि आठवड्याच्या बाकी सहा दिवसांत शरीर तिकडं कधी फिरकलेलंच नसतं, मग ते हात वर करणारच. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठी म्हणणं आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा जोरदार असेल तर ७५ ते १५०. सगळं रविवारी उरकलंस तरी मिनिटं भरतील, पण घाटासाठीची तयारी आठवड्यात विभागून केलेली बरी.

मध्यम म्हणजे किती, तर बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत. आणि रविवारी तू मास्तरच्या मागं "गप्पा मारत" होतास म्हणतोस ना, मी तुझ्या मागंच होतो. मास्तर बोलत होता, तू नुसतं हं हं करत होतास. म्हणजे तामलवाडीलाच तुझी टाकी निम्मी रिकामी होती.

चाळिशी ओलांडलीयस, बीपी, साखर, हिमोग्लोबिन एकदा बघून घे. छातीत दुखणं, चक्कर, डाव्या हाताला कळ असलं कधी काही झालं तर नाडी बांधायचं नाटक न करता खाली बसायचं आणि लगेच सांगायचं. ह्यात चेष्टा नाही.


मास्तर
दुपारी ३:१२

खरंय, मी बोलत होतो. मला वाटलं ऐकायलाय.


हुतात्मा
संध्याकाळी ५:४०

बँकेची शाखा बंद करून निघालो, आता वाचलं सगळं. कंपाउंडरनी एक सोडलं ते मी सांगतो. सपाटीला कुणाच्या तरी मागं चिकटून चाललं की वाऱ्याचा मार पुढच्याला बसतो, मागच्याची पाव हिस्सा तरी ताकद वाचते, म्हणून तुला वाटतं आपण मास्तरच्या बरोबरीचे. घाटात वेग दहाच्या खाली आला की वाऱ्याचा प्रश्नच उरत न्हाई, मास्तरच्या मागं ऱ्हा न्हाईतर पुढं, तुझे ८२ किलो आणि सायकलचे पंधरा-सोळा किलो तुलाच वर न्यायचेत. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर साडेसहाशेच्या जवळ, आणि त्यातला बराचसा चढ शेवटी शेवटी एकदम अंगावर येतो. म्हणून हिप्परग्यापर्यंत शहाणपणा करायचा न्हाई, मास्तर पुढं गेला तर जाऊ दे.

पावसाळी वाऱ्याचं गणित पण ध्यानात ठेव. वारा नैर्ऋत्येकडनं, तुळजापूर पडतंय ईशान्येला, म्हणजे जाताना वारा पाठीवर, माणसाला वाटतं वा काय फिटनेस आलाय, आणि येताना घाट उतरला की तोच वारा तोंडावर. तेव्हा जाताना सगळं उधळायचं न्हाई.

बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडचं, तू मागं विचारलं होतंस. २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. हिशोब करून बघ, थांबणं धरून तासाला पंधराच्या वर पडत न्हाई. वेगानं कुणी बाद होत न्हाई तिथं, हॉटेलात बसून बाद होतात. तू न उतरता घाट चढलास की २०० चा विचार करू.

नावाबद्दल. माझं पुण्याच्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसवरनं पडलंय, वेळ झाली की मी निघतो, कोण आलं न्हाई ते बघत न्हाई. पण हुतात्म्यांच्या चार पुतळ्यापाशी जमल्यावर मला त्या नावानं हाक मारायची न्हाई हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. १९३१ साली फासावर गेलेली माणसं ती, त्यांच्या पुढं उभं राहून माझी चेष्टा बरी दिसत न्हाई.


टोलनाका
संध्याकाळी ६:३०

मीटिंग आत्ता सुटली, दर बुधवारी तेच, एकानं बोलायचं आणि बाराजणांनी वहीत फुलं काढायची. उतार, तुला पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या, त्यातली उद्या एक पण करणार नाहीस, म्हणून मी सरळ वार सांगते. सकाळपाळीचा आठवडा असला की मास्तर म्हणतात तसं कामावर सायकल, त्यातले दोन दिवस येताना जरा लांबून यायचं. एक दिवस रमतगमत तासभर. दुसऱ्या दिवशी पूल. सोलापूर सपाट आहे, चढ आणायचा कुठून, तर पुलावरून, आसऱ्याच्या पुलावर पहाटे गर्दी नसताना चढ-उतार, चढ-उतार, चढताना सीटवरून उठायचं नाही, उतरताना पॅडल मारायचं नाही. चार-पाच वेळा, जमेल तसं वाढवायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी विजापूर रोडनं तेरामैल, नावातच अंतर आहे, एकवीस किलोमीटर, तिथं चहा आणि परत. रात्रपाळीच्या आठवड्यात कंपाउंडर म्हणाले तेवढंच, जास्त शहाणपणा नको.

आणि घरी उठाबशा. आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी खूप सायकल मारते म्हणून चढ चढते, तसं नाही रे, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उठाबशा काढते, जमिनीवर पाठीवर झोपून कंबर वर उचलते. मांडीला आणि कमरेला जोर नसेल तर नुसता दम काय करणार.

खाण्याचं बोलले की सगळे गप्प होतात, तरी बोलते. तुझ्या वजनाला बऱ्या वेगानं तासभर सायकल मारलीस तर सहाशेच्या आसपास कॅलरी जातात. परत आल्यावर तू काय खातोस? दोन प्लेट भजी, वर चुरमुऱ्याचा सुशीला, वर जिलेबी, आणि बांधून घेतलेली कडक भाकरी-शेंगाचटणी ती वेगळी. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. चटणी खा, पण वाटीनं नको, चमच्यानं. आणि पाण्यात मीठ-साखर घालून आण, एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. ते रंगीत पाणी विकत घेऊ नको.

नाव बदलायचं बघू. माझं टोलनाका पडलं तेव्हा मी कुणाला अर्ज केला नव्हता. तामलवाडीच्या टोलनाक्यापाशी उभी राहते, हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि निम्मी संपलेली पाण्याची बाटली दाखवल्याशिवाय कुणाला पुढं सोडत नाही, म्हणून पडलं. मला आवडतं ते नाव.


उतार
संध्याकाळी ७:१५

ताई, जिलेबी एकदाच खाल्लेली, ती पण हुतात्मानं दिली म्हणून.

एक विचारतो, ह्या सगळ्यापेक्षा नवीन सायकल घेतली तर? पातळ टायरची, हलकी. खात्यातला एकजण म्हणतोय हप्त्यावर मिळते.


डॉक्टर
रात्री ८:४५

शटर ओढलं. आता ऐक. नवीन सायकल विकायला मला काय वाईट वाटणार हाय का, पण आधी हाय ती बघ की. रविवारी तुळजापुरात तुझी सायकल मी उचलून मागचं चाक फिरवलं. एक फेरा मारून थांबलं! चाक आऊट हाय, वाकडं फिरतंय, ब्रेकचं रबर एका जागेला घासतंय, म्हणजे तू सोलापूर ते तुळजापूर ब्रेक लावून गेलास. दम लागणार न्हाई तर काय होणार? आऊट काढतो, छर्रे धुवून नवीन ग्रीस भरतो, मग बघ.

सीट खाली हाय तुझी. तुला बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे असतात, त्यानं गुडघा कधी सरळ होतच न्हाई आणि मांडी पेटते. भिंतीला धरून सीटवर बस, टाच पॅडलवर ठेव, पॅडल एकदम खाली ने, तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवलास की गुडघ्याला थोडा बाक ऱ्हातो, तेवढाच पाहिजे. दोन दिवस उंच वाटंल, पडशील असं वाटंल, पडणार न्हाईस.

गिअर. तू पुढच्या मोठ्या चकतीवरच घाटाला लागतोस, आणि पाय थांबायला लागले की जोर लावत लावत गिअर टाकतोस, चेन कडाकड करती, एखाद दिवशी तुटंल. चढ दिसला की सपाटीवरच पुढं लहान चकतीवर घ्यायचं आणि मागं एक एक मोठी करत जायचं. पाय हलके फिरले पाहिजेत, मिनिटाला साठ-सत्तर फेरे तरी. वेग सात आला तर सात. कोजागिरीला आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया अनवाणी चालत तो घाट चढतात, त्यांना कुठं घाई असती, पण थांबत न्हाईत.

टायर. तुझा गोट्या-गोट्याचा टायर हाय, डांबरावर तो नुसता घूं घूं करतोय. गुळगुळीत टायर टाकू, नवीन सायकलीच्या हप्त्याएवढ्यात दोन्ही टायर येतील. आणि हवा अंगठ्यानं दाबून बघायचं बंद कर, टायरच्या कडेला आकडा लिहिलेला असतो, पंपाला घड्याळ असतंय, तेवढी मारायची. पंक्चर झालं तर नुसती ट्यूब बदलून मोकळा होऊ नको, वेड्या बाभळीचा काटा टायरमध्येच मोडून बसतोय, आतनं फडकं फिरवायचं, जिथं अडकलं तिथं काटा. कंपाउंडरनं एकाच काट्यानं एकाच सकाळी दोन ट्यूबा घालवल्यात. एमबीबीएस.


कंपाउंडर
रात्री ८:५८

तो काटा फार बारीक होता.


डॉक्टर
रात्री ८:५९

पेशंटला पण असंच सांगतोस का बे?


हुतात्मा
रात्री ९:२०

बरं, पूल कधी मारायचा ते ठरवा. उतारची ह्या आठवड्यात कुठली पाळी हाय? दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिहायलास म्हणजे सकाळचीच असणार. शुक्रवारी पहाटे पाच, आसरा चौक. साडेपाचला सोडतो, सातच्या आत तू खात्यात.


मास्तर
रात्री ९:२६

शुक्रवारी न्हाई. आमच्याकडं शुक्रवारी पाणी. कधी पहाटे चारला सोडतात, कधी सहाला, मोटर लावून बसावं लागतं, टाकी भरली न्हाई तर पुढचे चार दिवस घरात माझं काय होतंय ते तुम्हाला माहीत न्हाई. उद्या करा.


टोलनाका
रात्री ९:३१

उद्या आमच्याकडं आहे. पण आमचं रात्री येतं, भरून ठेवते. उद्या चालेल. पाच म्हणजे पाच, उतार, आणि हेल्मेट.


उतार
रात्री ९:४०

येतो. उद्याच्या दिवस सीट वर करून येतो, चाकाचं संध्याकाळी दुकानात टाकतो. हेल्मेट हाय. मागचा लाल दिवा न्हाई, रविवारी घाट उतरताना कुठं तरी उडाला. कुणाकडं जादा हाय का?


डॉक्टर
रात्री ९:४२

हाय. दीडशे रुपये.


मास्तर
रात्री ९:४३

रोख घेऊन ये. आधीच्या दोन ट्यूबांचे पैसे मागायलाय तो, मला विचारत होता उतार पगाराला कुठल्या तारखेला असतोय म्हणून.